वरून रंग, आतून गंज

बरेच दिवस या विषयावर लिहायचं मनात होतं. विषय रुक्ष आहे, हे आधीच सांगून टाकतो. कवितांच्या आणि प्रवासवर्णनांच्या ब्लॉगवरून वाट चुकून इकडे आलेल्या मंडळींनी हवं तर इथूनच परत फिरावं, राग नाही. पण आमची आत्या दर दिवाळीला विचारते, "अरे, तू त्या बर्फाच्या कारखान्यांत जाऊन नक्की करतोस तरी काय?" आणि दर दिवाळीला मी "मेन्टेनन्स" एवढं एकच उत्तर देऊन चकलीकडे वळतो. तर आत्या, हे उत्तर तुझ्यासाठी. जरा लांब आहे, आणि बरंचसं चिडून लिहिलंय.

चीड कशाची ते आधी सांगतो. आपल्याकडे अमोनियाच्या प्लांटमधल्या पाइपांना आणि व्हॉल्व्हना जो रंग दिला जातो, तो गंज थांबवायला दिला जात नाही, गंज झाकायला दिला जातो. मग वर्षभरात पापुद्रे सुटले, की "हल्लीच्या रंगात दम राहिला नाही" असं म्हणून सगळे मोकळे. मालक मोकळा, कंत्राटदार मोकळा, तपासायला आलेला साहेबही मोकळा. माझं म्हणणं असं, की रंगात दम आहे. आपल्या कामात नाही.

आता थोडी पार्श्वभूमी. मिरकरवाड्यापासून मालवणपर्यंत आणि पुढे गोव्यात, जिथे जिथे मासळी उतरते तिथे तिथे बर्फाचा कारखाना असतोच. नाशिकची द्राक्षं निर्यातीआधी थंड होतात, दूध थंड होतं, आइस्क्रीम साठवलं जातं. यातल्या बहुतेक मोठ्या प्लांटमध्ये थंडावा निर्माण करणारा वायू असतो अमोनिया. साध्या वातावरणीय दाबाला तो उणे ३३ अंशांवर उकळतो, उष्णता भरपूर शोषतो, स्वस्त आहे, आणि ओझोनला त्याचा उपद्रव नाही. म्हणजे तो आपल्यातून लवकर जाणार नाही, आणि जाऊही नये. गुण इतके आणि दोष एकच, की तो विषारी आहे. हवेत दहा लाखांत ३०० भाग झाला, तर ती पातळी जिवाला तत्काळ धोकादायक मानली जाते. कंडेन्सरमध्ये ४० अंशांना त्याचा दाब असतो साधारण साडेचौदा बार. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो, त्यावरून कल्पना यावी.

हा दाब धरून कोण ठेवतं? पोलादी पाइपाची भिंत. एक इंची, शेड्यूल ४० च्या पाइपाची भिंत असते ३.३८ मिलिमीटर. दोन-तीन नाणी एकावर एक ठेवा, तेवढीच जाडी. आणि बाहेरच्या हवेपासून त्या भिंतीला वाचवतो तो रंग. एका मिलिमीटरच्या चौथ्या हिश्श्याएवढा. एवढ्यासाठी मी चिडतो आत्या, नुसतं "कारखाना छान दिसावा" म्हणून नाही.

आता मुख्य तक्रारी एकेक करून मांडतो.

पहिली तक्रार शेंदराची. आपल्याकडे दगडाला शेंदूर फासला की त्याचा देव होतो. तसं गंजलेल्या पाइपाला रेड ऑक्साइड फासलं की त्याचं मेन्टेनन्स होतं. हे साम्य मी उगाच ओढूनताणून आणलेलं नाही. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, आणि लोखंडावर पूर्वी मारायचे तो 'रेड लेड' प्रायमर म्हणजे तेच. जवसाच्या तेलात खललेला तो प्रायमर खरोखरच गंज रोखायचा, कारण शिशाची संयुगं लोखंडाच्या पृष्ठभागावर जाऊन गंजाची रासायनिक क्रियाच मंद करायची. शिसं विषारी म्हणून ते मागे पडलं, ते योग्यच झालं. त्याच्या जागी आलं रेड ऑक्साइड. रंग साधारण तसाच लाल, म्हणून सगळ्यांनी गुणही तसाच धरला. पण रेड ऑक्साइड म्हणजे लोहाचं ऑक्साइड. म्हणजे रसायनाच्या दृष्टीने गंजाचंच सख्खं भावंड! ते रंगाच्या थरात भरणा म्हणून बसतं, पाण्याची वाट थोडी लांबवतं, पण गंजाला औषध म्हणून त्याचा उपयोग नाही. त्यात झिंक फॉस्फेट घातलेलं असेल तर गोष्ट वेगळी. डब्यावर तसं लिहिलेलं असतं. वाचतो कोण?

दुसरी तक्रार घासकामाची. रंग टिकतो तो खालच्या पृष्ठभागावर. खाली सुटलेला गंज, तेलाचा ओशटपणा आणि जुन्या रंगाचे पापुद्रे असतील, तर नवा रंग पाइपाला चिकटतच नाही, तो त्या पापुद्र्यांना चिकटतो. पापुद्रा पडला की रंगही पडला. शिवाय गंज म्हणजे लोखंडाची नुसती धूळ नव्हे. लोखंड गंजताना कितीतरी पट फुगतं, त्यामुळे खालून वाढणारा गंज वरच्या रंगाला अक्षरशः उचलून टाकतो. हे सगळं जगाला केव्हापासून माहीत आहे. घासकाम किती स्वच्छ हवं याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ८५०१. त्यात हाताने आणि यंत्राने घासण्याच्या पायऱ्या आहेत (एसटी २, एसटी ३), कणांचा मारा करून साफ करण्याच्या पायऱ्या आहेत (एसए अडीच वगैरे), आणि सोबत चक्क फोटो आहेत. पाइप फोटोशेजारी धरायचा आणि बघायचं. याहून सोपं ते काय असणार? आपल्याकडे मात्र निविदेत "पृष्ठभाग नीट साफ करून" एवढे चारच शब्द असतात. 'नीट' म्हणजे काय, ते रंगाऱ्याच्या दुपारच्या जेवणाला किती वेळ उरला यावर ठरतं.

स्कॉटलंडमधल्या फोर्थ ब्रिजचं उदाहरण देण्यासारखं आहे. १८९० मध्ये सुरू झालेला हा रेल्वेचा पूल. 'फोर्थ ब्रिज रंगवणं' हा इंग्रजीत कधीही न संपणाऱ्या कामाचा वाक्प्रचारच होऊन बसला, कारण एका टोकाचं रंगकाम संपेपर्यंत दुसऱ्या टोकाचा रंग उडालेला असतो अशी ख्याती. मग २००२ ते २०११ या काळात त्यांनी काय केलं? शंभर वर्षांचे थरावर थर खरवडून पोलाद उघडं केलं आणि त्यावर तीन थरांची नवी पद्धत वापरली: जस्ताचा प्रायमर, मध्ये काचेच्या पातळ चकत्या मिसळलेलं इपॉक्सी, आणि वर पॉलियुरेथेन. समुद्रातल्या तेलविहिरींवर वापरतात त्या जातीचं हे काम. आता पंचवीस वर्षं तरी बघायला नको, असा त्यांचा हिशेब आहे. तिथलीही हवा खारीच की हो!

तिसरी तक्रार मिठाची. आपल्या किनाऱ्यावर गंजाचा मुख्य मित्र पाणी नव्हे, मीठ. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, आठवतंय? दिवसा समुद्राकडून येणारा खारा वारा पाइपावर मीठ आणून ठेवतो. बर्फाच्या कारखान्यात तर मीठ घरातलंच, कारण बर्फाचे डबे ज्या टाकीत सोडतात ती मिठाच्या पाण्याचीच असते. डबा उचलला की शिंतोडे उडतात, ते शेजारच्या पाइपांवर आणि व्हॉल्व्हवर. हे मीठ तारेच्या ब्रशने जात नाही. ब्रशने ते उलट गंजाच्या खड्ड्यात आणखी आत बसतं. त्यावर रंग मारला की रंगाखालचं मीठ हवेतली वाफ रंगातून आत ओढून घेतं आणि फोड येतात. उन्हाळ्यात हाताला येतात तसेच, टपोरे. यावर उपाय काय? घासायच्या आधी आणि घासल्यानंतर गोड्या पाण्याने धुणं. बस्स. इतका स्वस्त उपाय की त्याला कुणी विचारतच नाही. मीठ गेलं की नाही हे तपासायला छोटी चिकटपट्टीसारखी चाचणीसुद्धा मिळते. महिना-महिना राबून मी ती एका ठिकाणी सुरू करवली, तर तिथल्या स्टोअरकीपरने "हे काय आता मीठ मोजायचं?" म्हणून पुढची मागणीच अडवून ठेवली. असो.

चौथी तक्रार मुहूर्ताची, आणि ही मला सर्वांत जास्त छळते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जून-जुलैमध्ये यांत्रिकी मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, मासळी नाही, म्हणून बर्फाला उठाव नाही. प्लांट बंद ठेवायला याहून चांगली वेळ कुठली? म्हणून वर्षाचं रंगकाम तेव्हाच काढतात. ऐन पावसात! आता हिशेब बघा. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू येतो २७ अंशांच्या आसपास. म्हणजे २७ च्या खाली असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी धरणार. रंगकामाचा जगभरचा साधा नियम असा, की पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम हवा आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली हवी. म्हणजे पावसाळ्यात पाइप हवेइतकाच गरम असला तरी आपण काठावर पास. आणि रिसीव्हरमध्ये गॅस आहे, कुठला तरी व्हॉल्व्ह किंचित पास होतोय, त्यामुळे एखादी लाइन २० अंशांवर असेल, तर नापासच. डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर पाइपावर आहे आणि त्यावर आपण हौसेने रंग फिरवतोय.

याउलट डिसेंबरातली दुपार घ्या. हवा ३१ अंश, आर्द्रता ४५ टक्के, दवबिंदू १८ च्या आसपास. केवढी मोकळीक! सकाळचं दव सुकलं की दहाच्या सुमारास सुरू करायचं, आणि दुपारी खारा वारा जोर धरायच्या आत त्या दिवसाचा हात पुरा करायचा. पण डिसेंबरात प्लांट बंद कसा ठेवणार? संपूर्ण ठेवायचा नाहीच. एक कॉइल, एक लाइन, एक व्हॉल्व्ह-समूह असं एकेक करून बाजूला काढायचं, त्यातला अमोनिया पंपडाउन करून रिसीव्हरमध्ये घ्यायचा, ते भाग हवेच्या तापमानाला येऊ द्यायचे, पुसायचे, रंगवायचे, आणि पुढच्या समूहाकडे जायचं. वर्षाचं काम एका महिन्यात कोंबण्याऐवजी तीन-चार महिन्यांवर पसरायचं. हे नियोजनाचं काम आहे, रंगाऱ्याचं नाही. आणि नियोजन करायचं म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना अचानक दुसरी कामं आठवतात.

पाचवी तक्रार चालू पाइपावर रंग मारण्याची. उणे दहावर चाललेल्या लाइनवरचं बर्फ ठोकून पाडायचं, फडक्याने पुसायचं आणि दुसऱ्या मिनिटाला पुन्हा धरणाऱ्या बाष्पावर ब्रश फिरवायचा. हा प्रकार मी इतक्या ठिकाणी पाहिलाय की आता हसूही येत नाही. इपॉक्सीचं तर असं, की दहा अंशांच्या खाली नेहमीचं इपॉक्सी नीट पिकतच नाही, आणि दमटपणात त्याच्यावर मेणचट साय येते, जिच्यावर पुढचा हात चिकटत नाही. दमट पृष्ठभाग चालवून घेणारे रंग आहेत, हवेतल्या बाष्पावरच पिकणारी पॉलियुरेथेन आहेत, पण त्यांनाही मर्यादा आहेत आणि त्या माहितीपत्रकात लिहिलेल्या असतात.

आणखी एक गंमत सांगतो. जी लाइन कायम शून्याच्या खाली असते, ती फारशी गंजत नाही. बर्फात गंजाची क्रिया फार मंदावते. गंजते ती सतत वर-खाली होणारी लाइन. दिवसातून दोनदा डिफ्रॉस्ट होणारी, गरम गॅस घेऊन वितळणारी आणि पुन्हा गोठणारी. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. रंगाच्या एका केसाएवढ्या चिरेत शिरलेलं पाणी दर वेळी फुगतं आणि चीर वाढवत नेतं. म्हणजे कुठे लक्ष द्यायचं ते निसर्गानेच सांगून ठेवलंय. आपण मात्र प्रवेशद्वारापासून दिसणारा भाग आधी रंगवतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय!

आता व्हॉल्व्हबद्दल, कारण तिथे तर कहर आहे. पाइप निदान गोल आणि गुळगुळीत असतो. व्हॉल्व्ह म्हणजे कोपरे, कडा, नट-बोल्ट, खाचा. ओला रंग कडेवरून ओसरतो, म्हणून धारेवर थर सगळ्यांत पातळ राहतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. म्हणून जाणकार रंगारी आधी छोट्या ब्रशने नुसत्या कडा, बोल्ट आणि वेल्डिंगची शिवण रंगवतो, आणि मग पूर्ण हात देतो. हा एक ज्यादा हात कुठल्याच बिलात नसतो, म्हणून कुणी देत नाही.

पण जिथे रंग नको तिथे मात्र उदार हस्ते! व्हॉल्व्हच्या दांड्यावर रंग. मग पुढच्या वेळी चाक फिरवलं की वाळलेल्या रंगाचे खडे थेट ग्लँडच्या पॅकिंगमध्ये, आणि तिथून गळती सुरू. नावाच्या पट्टीवर रंग. मग त्या व्हॉल्व्हचा दाब किती, साल कुठलं, वाचायचं कसं? शरीरावरच्या बाणावर तीन वर्षांचे तीन थर, मग प्रवाह कुठून कुठे ते अंदाजपंचे. रिसीव्हरच्या पातळी बघायच्या काचेवर शिंतोडे. आणि कळस म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह रंगवणं. जो व्हॉल्व्ह आणीबाणीत आपोआप उघडायचा, त्याच्या सांध्यांवर आणि सीलवर दोन हात इनॅमल. लग्नातल्या नवरीसारखा नटवून ठेवलेला सेफ्टी व्हॉल्व्ह मी पाहिलाय. त्या कारखान्याचं नाव इथे लिहीत नाही, पण तो रंग फार सुंदर पिवळा होता, हे मात्र सांगतो.

यावर उपाय अवघड नाहीत. रंगवायच्या आधी दांडा, पट्टी, काच आणि सेफ्टी व्हॉल्व्ह कागदाच्या चिकटपट्टीने झाकायचे. दांड्याला ग्रीस लावून टोपी घालायची. ज्यांना टोप्या असतात त्या व्हॉल्व्हच्या टोप्या कपाटात नाही, व्हॉल्व्हवर असाव्यात. आणि जे व्हॉल्व्ह वारंवार उघडावे लागतात, किंवा जिथे कायम ओल असते, तिथे रंगाचा हट्टच सोडावा. मेणचट पेट्रोलॅटमची पट्टी मिळते, ती बोल्टांभोवती गुंडाळायची. दिसायला गबाळी, पण ओल बाहेर ठेवते आणि हवी तेव्हा सोडवता येते. दिसायला गबाळी म्हणूनच ती आपल्याकडे चालत नाही.

आणि इन्सुलेशनखालचं काय? तिथे तर डोळ्याआड सृष्टी. थर्मोकोल असो की पीयूएफ, त्याच्या बाहेरचा बाष्परोधक थर एका ठिकाणी जरी फाटला, तरी हवेतली वाफ थंड पाइपाकडे ओढली जाते आणि आत पाणी होऊन बसते. ते पाणी बाहेर पडायला वाट नाही. कारण सोपं असतं. कुणीतरी पत्र्यावर पाय ठेवून वर चढलेलं असतं, किंवा एखादा सेन्सर बसवायला भोक पाडून ते तसंच सोडलेलं असतं. वरून ॲल्युमिनियमचा पत्रा चकाचक, आत पाइप भिजतोय. इन्सुलेशन चढवण्याआधी पाइपाला चांगल्या इपॉक्सीचे दोन हात, नाहीतर त्यासाठीच बनवलेली गंजरोधक जेल लावलीच पाहिजे. "आत कोण बघतंय" हे उत्तर मी एकदा नाही, अनेकदा ऐकलंय. कोण बघतंय? गंज बघतोय.

आता समोरच्या बाजूचं म्हणणंही मांडतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहितो.

मालक म्हणतात, परवडत नाही. पण कशाचे पैसे वाचवताय ते तरी बघा. रंगकामाच्या खर्चात रंगाचा डबा हा लहान वाटा असतो. परांची, मजुरी आणि प्लांटचा भाग बंद ठेवणं यातच बाकीचा खर्च जातो, आणि तो स्वस्त रंगालाही तेवढाच लागतो. दर पावसाळ्यात पाचदा स्वस्त रंग देणं म्हणजे पाचदा परांची बांधणं. शिवाय चालू भाषेतला "दोन हात इनॅमल" म्हणजे किती जाडी? एक हात साधारण २५ ते ३० मायक्रॉन. समुद्रकाठच्या हवेसाठी आयएसओ १२९४४ या मानकातल्या टिकाऊ पद्धती अडीचशे-तीनशे मायक्रॉनच्या आसपास जातात. म्हणजे आपण छत्रीऐवजी रुमाल डोक्यावर धरतो आणि भिजलो म्हणून पावसाला शिव्या घालतो. गंजाशी दोन हात करायचे तर रंगाचे दोन हात पुरत नाहीत.

कंत्राटदार म्हणतात, सर्वांत कमी दर भरल्याशिवाय काम मिळत नाही. हे मात्र शंभर टक्के खरं आहे, आणि यात दोष त्यांचा कमी आहे. निविदा "प्रति चौरस मीटर, दोन हात" अशी निघते, त्यात घासकामाला वेगळा दर नसतो, धुण्याला नसतो, जाडी मोजण्याला नसतो. जे काम बिलात नाही, ते पाइपावरही नसतं. थिनर जास्त ओतून दहा लिटरचे तेरा लिटर करणारा कंत्राटदार हुशार ठरतो आणि प्रामाणिक माणूस दुसऱ्या वर्षी दिसत नाही.

काही इंजिनियर मित्र म्हणतात, सगळं स्टेनलेस करून टाका, कटकट संपली. काही ठिकाणी ते योग्यही आहे. पण जुने प्लांट कोण बदलणार? आणि समुद्रकाठी ३०४ जातीच्या स्टेनलेसलाही मिठाने तपकिरी डाग आणि बारीक खड्डे पडतात. धुवायला तेही लागतं. काहीजण म्हणतात जस्ताचा मुलामा द्या. द्या की, पण मग त्या जस्तावर थेट साधं सिंथेटिक इनॅमल मारू नका. जस्त आणि तो रंग यांच्यात हळूहळू साबण तयार होतो आणि रंग सालीसारखा निघतो. तुमच्या गच्चीवरच्या जीआय पाइपाचा रंग का सोलपटतो, हे कोडं ज्या नातेवाइकांना पडलं असेल, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. :)

आता शेवटचा मुद्दा, ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं लिहिलं.

१७ ऑक्टोबर २०१७ रोजी कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या फर्नी या गावी, बर्फावरच्या खेळांच्या मैदानात अमोनियाची गळती झाली आणि तिघेजण मेले. चिलरच्या एका जुन्या नळीला बारीक छिद्र पडलं होतं. ती यंत्रणा बदलावी असं आधी सुचवलं गेलं होतं आणि ते पुढे ढकललं गेलं होतं. तिथला गंज नळीतला होता, बाहेरून रंग देऊन तो थांबला नसता, हे मी मुद्दाम सांगतो. पण 'पुढच्या वर्षी बघू' या वाक्याची किंमत त्यातून कळते.

आपल्याकडे ही किंमत कोण मोजतं? रंगकामासाठी रोजावर आणलेला पोरगा. त्याच्या हातात तारेचा ब्रश आणि चिपिंगची हातोडी देतात आणि "जरा जोर लावून घास" म्हणतात. पाइप चालू असतो. आत अमोनिया दाबाखाली असतो. वर्षानुवर्षं रंगाखाली झाकलेला गंज त्या ३.३८ मिलिमीटरमधला किती खाऊन बसलाय, हे कुणी मोजलेलं नसतं. कधीकधी गंजाचा पापुद्राच ते भोक बुजवून धरून बसलेला असतो, आणि पोरगा नेमका तोच ठोकतो. त्याला मास्क दिलेला नसतो. पळायचं कुठल्या दिशेला ते सांगितलेलं नसतं. वारा कुठून वाहतोय हे बघायला साधा कापडी वातदर्शकही नसतो. वरवरचा रंग इथे सगळ्यांत मोठा गुन्हेगार ठरतो. उघडा गंज निदान दिसतो आणि माणूस सावध होतो. रंगवलेला गंज विश्वास देतो.

म्हणून माझ्या मागण्या, अगदी थोडक्यात. ज्यांचे कुणी ओळखीचे या धंद्यात असतील त्यांनी हे पुढे पाठवावं.

घासायच्या आधी अल्ट्रासॉनिक यंत्राने पाइपाची जाडी मोजा. ते यंत्र हातात मावतं. जिथे भिंत पातळ झालीय तिथे घासायचं नाही, रंगवायचं तर नाहीच. तो तुकडा बदलायचा.

चालू, दाबाखालच्या लाइनवर हातोडी चालवायची नाही. आधी तो भाग वेगळा काढा, गॅस रिकामा करा, मग हात लावा.

निविदेत घासकाम, धुणं, कडांचा हात आणि जाडीची मोजणी या चार गोष्टींना वेगळे दर द्या. आणि रंगकाम झाल्यावर जाडी मोजल्याशिवाय बिल काढू नका.

दवबिंदू मोजायला एक साधं यंत्र आणि पृष्ठभागाचा थर्मामीटर घ्या, आणि त्याची रोजची नोंद वहीत ठेवा. पावसात काम काढायचंच असेल तर ताडपत्री आणि हवा कोरडी करणारं यंत्र लावून काढा, नाहीतर थांबा.

तपासायला येणाऱ्या साहेबांना एक विनंती. चकाचक रंग बघून शेरा लिहू नका. एखादा बोल्ट, एखादा आधाराचा कोपरा, पाइप जिथे क्लॅम्पवर टेकतो तिथली खालची बाजू, इन्सुलेशन संपतं तो काठ, एवढं हात लावून बघा. गंज नेहमी तिथेच लपतो. आणि नुकत्याच दिलेल्या रंगाचा वास येत असेल, तर तुमच्या येण्याची बातमी तुमच्याआधी पोचली होती असं समजा.

आत्या, तर मी हे करतो. म्हणजे हे व्हावं म्हणून भांडतो, आणि दहातल्या सात वेळा हरतो. उरलेल्या तीन ठिकाणी मात्र पाचव्या वर्षीही रंग शाबूत आहे, आणि तिथल्या रंगाऱ्यांना आता कुणी चालू लाइन ठोकायला सांगत नाही. यंदा दिवाळीला विचारलंस तर एवढंच सांगेन. चकल्या तयार ठेव.